बारा माणसं आणि सात बोटं

सोमवार, अकरा डिसेंबर, सकाळचे पाच वाजून बावीस मिनिटं. ग्वातेमाला शहरात, सरकारी वकिलांच्या मुख्यालयाच्या बंद फाटकासमोर, बासिलिया चाक्लान एका पालथ्या क्रेटवर बसून हजेरी घेत होती. मांडीवर दोनशे पानी वही, डाव्या हातात कॉफीचा पेला, अंगावर दोन शाली. रात्री एकला वाडीतून निघालेली बस नुकतीच पोचली होती आणि आलेली माणसं हात चोळत, डोळे चोळत तिच्याभोवती उभी होती.

"फेर्मिना ताश?"

"हजर."

"क्रिसांतो पुआक?"

"हजर, पण झोपेत."

"झोप लिहायला रकाना नाही. एलिहिओ याश?"

एलिहिओ याश तिच्यापासून चार हातांवर, आपल्या हत्यारांच्या पेटीवर बसून बुटाची नाडी बांधत होता.

"तात एलिहिओ, तुम्ही मला दिसताय."

"दिसतोय ना, मग विचारता कशाला?"

"मला दिसतं, वहीला दिसत नाही. तोंडाने सांगा."

"एकोणीस," एलिहिओ म्हणाला, आणि सगळे हसले.

वाडीची भाषा किचे. तिच्यात मोठ्या पुरुषाला मानाने 'तात' म्हणतात, बाईला 'नान', आणि विसाला 'हुविनाक'; ह्या शब्दाचा अर्थ एक माणूस. हाताची दहा बोटं, पायाची दहा, झाला माणूस पुरा. एलिहिओ सुतार. त्याची डाव्या हाताची करंगळी पंचवीस वर्षांपूर्वी करवतीने नेली, तेव्हापासून सगळी चुइसाक वाडी त्याला 'एकोणीस' म्हणते. तोही ते नाव लावतो. कपाटाच्या पाठीमागे सही करतो तीही आकड्यातच.

बासिलियाने त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. एरवी ती अशा उत्तरावर एखादा टोमणा परत करते. आज केला नाही, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

ठिय्याचा हा एकाहत्तरावा दिवस. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, मतं मोजली गेली, कोण जिंकलं ते साऱ्या देशाला कळलं. तेव्हापासून तो निकाल उलटवण्याचे उद्योग चालू होते. आधी जिंकलेल्या पक्षावर खटला, मग मतपेट्यांची जप्ती, मग मोजणीच्या कागदांवर संशय. दोन ऑक्टोबरला तोतोनिकापानच्या अठ्ठेचाळीस वाड्यांनी, त्यांत चुइसाकही, ठरवलं की आता गप्प बसणं म्हणजे आपल्याच मताला आपण खोटं म्हणणं. मागणी सोपी होती: निकाल आहे तसा राहू द्या, आणि मुख्य सरकारी वकिलांनी घरी जावं. ती पुरी होईपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं. हलायचं नाही म्हणजे कुणीतरी बसायला हवं, आणि कुणीतरी बसायचं म्हणजे पाळी लावायला हवी. पाळ्या लावण्यात ह्या लोकांचा हात धरणारा कुणी नाही.

वाडीतल्या प्रत्येक घराने वाडीची चाकरी करायची, बिनपगारी. कुणी वर्षभर पाण्याच्या टाकीवर, कुणी जंगल राखायला, कुणी चिटणीस. चुकवली तर नळाचं पाणी बंद. यंदा चिटणीस बासिलिया. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार ती फाटकासमोर मुक्काम करते, शनिवार-रविवार भट्टीवर, आणि घरं रोज बदलतात. एलिहिओच्या घराची पाळी आज आली. त्याने मत हरलेल्या उमेदवाराला दिलं होतं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक. त्याने लपवलंही नव्हतं. पण नळ त्याच्याकडेही होता.

हजेरी संपल्यावर तिने बसमधून आलेल्या टोपल्या उघडल्या. शेका, म्हणजे जाड्या गव्हाचे गोल पाव, आत गूळ आणि बडीशेप, वर नाकासारखा एक उंचवटा. तिच्या सुनेने काल संध्याकाळी भाजलेले. बासिलियाची भट्टी वाडीच्या चढावर आहे आणि एलिहिओचं सुतारकामाचं छप्पर तिच्या भिंतीला लागून. एकतीस वर्षं दोघं एकमेकांवर कुरकुर करत आलेत. तिच्या धुराने त्याच्या पॉलिशला काळी झाक येते, त्याचा भुसा तिच्या पिठात उडतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. वाडीच्या पंचांनी दोन वेळा भिंत उंच करायला सांगितली. दोघांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि भिंत आहे तेवढीच राहिली.

तिने त्याच्यासमोर टोपली धरली.

"तुमच्या शेका माझ्या दाराशी रोज भाजतात," तो म्हणाला. "इथे दोनशे किलोमीटर येऊन त्याच खायच्या?"

"भुसा घातलेला नाही, म्हणून नवीन लागतील."

त्याने दोन घेतल्या. एक खाल्ली, एक खिशात घातली. ती थांबून राहिली. तो नाडीकडे बघत राहिला.

"तात, कप्पा निघाला का?" तिने विचारलं.

"कप्पा अडकलाय."

हा कप्पा काय, ते कळायला ऑगस्टच्या वीस तारखेकडे जावं लागतं.

बासिलियाचे वडील बेकरच होते. सही यायची नाही. कागद आला की शाईत अंगठा बुडवायचे आणि नंतर दिवसभर तो पिठाला लागू नये म्हणून वर धरून फिरायचे. म्हणून त्यांनी मुलीला सहावीपर्यंत शिकवलं, आणि मुलीने अक्षर असं कमावलं की वाडीत कुठलीही यादी करायची झाली की तिलाच बोलावणं येतं. शाळेची यादी, पाणी समितीची यादी, देवळातल्या फुलांच्या वर्गणीची यादी. मतदानाच्या टेबलावर ती यंदा चौथ्यांदा बसली होती. टेबलावर बसणारे सगळे गावचेच, बिनपगारी. मतं घ्यायची, संध्याकाळी मोजायची, आकडे तक्त्यात लिहायचे, सगळ्यांनी सह्या करायच्या. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी उभे राहून बघतात आणि शेवटी तक्त्याची कार्बन प्रत घरी नेतात. त्या टेबलावर हरणाऱ्या पक्षाचा प्रतिनिधी होता एलिहिओ याश.

मतं मोजली ती जशी शेका मोजतात तशी, वीस-वीसच्या गठ्ठ्यांनी. बोलणं किचेत चाललेलं. गठ्ठे रचून झाल्यावर एलिहिओनेच मोठ्याने सांगितलं, "तुमची बारा माणसं आणि सात. आमची तीन माणसं आणि अकरा." आणि बासिलियाने, जिने आयुष्यात एका आकड्याची चूक केली नव्हती, पहिल्या ओळीत लिहिलं बारा आणि दुसरीत तीन.

लिहिता लिहिताच तिला कळलं. टेबलावरचे सगळे हसले, तीही हसली. मग नियमाप्रमाणे दोन्ही आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारली, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी लिहिलं २४७ आणि ७१. आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे सगळ्यांनी सह्या केल्या. एलिहिओने दोन्ही ठिकाणी १९ लिहिलं.

तीन महिने ह्या गोष्टीची आठवण कुणाला नव्हती. गेल्या शुक्रवारी रात्रीच्या चर्चेत टीव्हीवर एक वकील आला, टाय लावलेला, आवाज मऊ. त्याने तक्त्याचा मोठा केलेला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, "हे बघा. बारा मतं खोडून दोनशे सत्तेचाळीस. हे नंतर, बंद खोलीत बसून केलेलं काम आहे. अशाच कागदांवर ही निवडणूक उभी आहे." फोटो धरताना त्याचा अंगठा बरोबर खालच्या ओळीवर होता. तिनाचे एकाहत्तर झालेत ते अंगठ्याखाली राहिलं. निवडणूक मंडळाच्या वेबसाईटवरच्या फोटोत ती ओळ सावलीतच आहे, नीट दिसत नाही. तक्त्याच्या शेवटी चिटणीस म्हणून सही मात्र स्वच्छ दिसत होती: बासिलिया चाक्लान.

शनिवारी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "नान बासिलिया, बारा शेका द्या. दोनशे सत्तेचाळीस होतील ना?"

ती हसली. दुसऱ्याने तेच विचारलं, तेव्हाही हसली. पाचव्याला तिने टोपली झाकून दाखवली. त्या दिवशी तिने भट्टी दुपारीच विझवली. एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा विझवली होती ती भूकंपाच्या दिवशी.

चेष्टा करणाऱ्यांना खरं माहीत होतं, त्याचं तिला काही वाटलं नाही. पण शेजारच्या गावातल्यांना माहीत नव्हतं, शहरातल्यांना नव्हतं, आणि उद्या कुणी न्यायाधीश विचारेल तर त्यालाही नसणार. खोडाखोड टेबलावरच झाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हे दाखवणारा एकच कागद उरला होता. मूळ तक्ता जप्तीत गेला होता, आणि जिंकलेल्या पक्षाच्या प्रतिनिधीची प्रत उंदरांनी खाल्ली होती. हरलेल्याची होती एलिहिओकडे.

शनिवारी दुपारी एलिहिओच्या पक्षाची दोन माणसं पिकअपमधून आली आणि ती प्रत मागू लागली. एलिहिओ म्हणाला, कप्पा अडकलाय. रविवारी बासिलियाच्या सांगण्यावरून वाडीचे प्रमुख, तात फाउस्तीनो, हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन रीतसर त्याच्या दारात गेले. त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

"सुताराच्या घरात कप्पा अडकतो?" तात फाउस्तीनोंनी विचारलं होतं.

"डॉक्टरच्या घरात माणसं मरत नाहीत का?"

तेव्हापासून वाडीत दोन तट पडले होते. अर्ध्यांचं म्हणणं, एकोणीसने प्रत पक्षाला देऊन टाकली. उरलेल्यांचं म्हणणं, जाळली. बासिलिया कुठल्याच तटात नव्हती. तिला फक्त झोप येत नव्हती.

साडेसहाला उजाडलं. दर सात डिसेंबरला लोक सैतानाचा पुतळा जाळतात; गुरुवारी जाळलेल्याचा काळा डाग रस्त्यावर अजून होता. पुतळ्याला ह्या वर्षी सरकारी वकिलांसारखा टाय घातला होता. समोरच्या घरातल्या दोन्या मिर्ता नावाच्या बाईने दार उघडून ओरडून सांगितलं की गरम पाणी फक्त पहिल्या दहा जणांना, आणि लगेच बायकांची रांग लागली. ती ऑक्टोबरपासून आपलं न्हाणीघर ठिय्यावाल्यांना वापरू देते आणि ऑक्टोबरपासून रोज म्हणते की उद्यापासून बंद. सातला मारिम्बावाले आपलं लाकडी पट्ट्यांचं वाद्य घेऊन आले. एक विद्यार्थिनी रोज ह्या वेळी कवायत घ्यायची. जाड विणीचे घागरे सावरत साठी उलटलेल्या बायका हात वर, हात खाली करू लागल्या. फाटकाआडचा पहारेकरी तोंड दुसरीकडे करून, पण ताल धरून, पाय हलवत होता.

एलिहिओने हत्यारं काढली होती. सत्तर दिवस बसून ठिय्यावरच्या स्टुलांचे पाय खिळखिळे झाले होते. त्याने अकरा मोडकी स्टुलं गोळा केली आणि एकेकाला सांधायला बसला. बासिलिया वही घेऊन शेजारी येऊन बसली.

"लोकांना टेकायला जागा करून देताय," ती म्हणाली. "आणि ज्यासाठी लोक बसलेत ते तुम्हाला मान्य नाही."

"कोण म्हणतं?"

"तुम्ही मत दिलंत त्यांना."

"मत दिलं. टाळकं नाही दिलं." त्याने एक पाय ठोकून बघितला. "नान, मी हरलो. हरायला मला आवडत नाही. आमच्या उमेदवार बाईंनी चांगला रस्ता केला असता, असं मला अजून वाटतं. पण मी हरलो तो तुमच्या टेबलावर, उजेडात, तुमच्या त्या कर्कश आवाजात आकडे ऐकत. आता हा टायवाला म्हणतो मी हरलोच नाही. मग त्या संध्याकाळी मी काय करत होतो? डुलकी काढत होतो?"

"मग प्रत द्या."

"कुणाला देऊ? फाउस्तीनोंना दिली तर म्हणतील, वाडीने धमकावून घेतली, पाणी तोडू म्हणाले. तुम्हाला दिली तर म्हणतील, चोराने साक्षीदार भिंतीपलीकडून आणला. पिकअपवाल्यांना दिली असती तर त्यांनी चूल पेटवली असती."

"म्हणजे आहे."

बोलता बोलता आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. बासिलियाने वही मिटली आणि तीन दिवसांनी तिचा आवाज मूळ पदावर आला.

"तात एलिहिओ, दहाला माईक लागतो. पत्रकार येतात. फाउस्तीनो मला बोलायला सांगतायत. मी काय बोलू? मी चोर नाही असं? चोरही तेच बोलतो."

"मी हरलेला माणूस. मी काय बोलणार?"

"हरलेल्यानेच बोलायचं असतं. जिंकणाऱ्याच्या बाजूने आकडा खरा आहे म्हणणारे इथे तीनशे बसलेत. त्यांचं कोण ऐकतंय?"

त्याने स्टूल उलटं केलं, सुलटं केलं, बसून पाहिलं. ते डुगडुगलं नाही. मग त्याने डोक्यावरची हॅट काढली, आतली चामड्याची पट्टी उलटवली आणि शेकांच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक घडी बाहेर काढली. पिशवी तिच्याच भट्टीची होती.

"ऑगस्टपासून डोक्यावर आहे," तो म्हणाला. "हरल्याची पावती. जपावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी जिंकलो तर पटायचं नाही."

"आणि कप्पा?"

"कप्पा खरंच अडकलाय. पावसात फुगतो. पॉलिश धड नाही, धुराने."

दहा वाजता तात फाउस्तीनोंनी माईक हातात दिला तेव्हा एलिहिओने आधी तो ठोकून बघितला, स्टूल ठोकावं तसा. चार कॅमेरे होते, पाच-सहा फोन. तो स्पॅनिश सावकाश बोलतो, कपाटाचं माप सांगावं तसं.

"मी एलिहिओ याश. मी ह्यांच्यातला नाही. मी हरलेल्यांचा प्रतिनिधी होतो. ह्या बाई," त्याने बासिलियाकडे बोट केलं, "माझ्या शेजारी. मला पटत नाहीत. म्हणून त्या दिवशी मी दोनदा मोजलं. त्यांनी बारा लिहिलं ते मी सांगितल्यामुळे लिहिलं. आमच्या बोलीत वीस म्हणजे एक माणूस. टीव्हीवरच्या साहेबांना हे माहीत नसेल. दाखवतो."

मग त्याने बासिलियाची वही मागून घेतली आणि सकाळच्या हजेरीतली बारा नावं वाचली. बाराजण पुढे आले, रांगेत उभे राहिले आणि त्याच्या सांगण्यावरून दोन्ही पंजे वर केले. पायातल्या चपला बघून त्याने बोटं मोजायचं सोडून दिलं, म्हणाला, "खालची दहा धरून चाला." तेराव्या जागी उभ्या फेर्मिना ताशला त्याने सात बोटं वर करायला सांगितली.

"हे झाले दोनशे सत्तेचाळीस. आता आमचे." त्याने आणखी दोघांना उभं केलं आणि तिसऱ्या जागी स्वतः जाऊन उभा राहिला. मग आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, मान हलवली आणि बाजूला झाला. "मी चालणार नाही. मी एकोणीस आहे. साहेब एक मत कमी पडलं म्हणतील."

हसणं थांबायला बराच वेळ लागला. फाटकाआडचा पहारेकरीही हसला. त्याने ते खोकून झाकलं. क्रिसांतो पुआक, जो अजून अर्धा झोपेत होता, त्याला एलिहिओच्या जागी उभं केलं गेलं. आणखी एकीने दहा बोटं दाखवली, दुसऱ्याने एक. झाले एकाहत्तर. पंधरा माणसं, वर अठरा बोटं, असे तीनशे अठरा मतदार डिसेंबरच्या उन्हात हात वर करून उभे होते, आणि मारिम्बावाल्यांपैकी एकाने न सांगता एक टपोरा सूर लावून ठेवला.

शेवटी एलिहिओने प्रत उलगडली. घडीवर चिरली होती, कडांना भुसा लागला होता. दोन ओळी, दोन्हींत एकेक सरळ रेघ, शेजारी आकडे, त्यांच्यापुढे सह्या, आणि सह्यांच्या मध्ये दोन वेळा १९. त्याने ती कॅमेऱ्यासमोर दोन टोकांना धरली, अंगठे मागे घेऊन.

"नान बासिलियाच्या वडिलांना लिहिता येत नव्हतं," तो म्हणाला. "अंगठा लावायचे. पण त्यांनी कधी अंगठ्याखाली काही लपवलं नाही. एवढा शिकलेला अंगठाबहाद्दर मी टीव्हीवर पहिल्यांदाच पाहिला."

बासिलिया तेव्हा कुठे हसली. आधीपासून हसतच होती, पण हे हसणं वेगळं होतं, दात दाखवणारं. एका पत्रकाराने तिला विचारलं, काही बोलायचंय का. ती म्हणाली, "आवाज कर्कश नाही माझा. एवढंच लिहा."

मुख्यालयातून कुणी बाहेर आलं नाही. येईल असं कुणाला वाटलंही नव्हतं. प्रतीचे फोटो काढले गेले. कागद तात फाउस्तीनोंनी मागितला तेव्हा एलिहिओने तो पुन्हा पिशवीत घातला, पिशवी हॅटमध्ये, हॅट डोक्यावर. दुपारी दोनच्या सुमाराला वाडीतून सुनेचा फोन आला. व्हिडिओ पोचला होता. आता गिऱ्हाइकं शेका मागताना हात वर करतायत, ती म्हणाली. एक माणूस द्या, अर्धा माणूस द्या.

"आणि एकोणीस मागितल्या कुणी तर?" बासिलियाने विचारलं.

"तात एलिहिओंचा पोरगा येऊन घेऊन गेला. एकोणीसच."

तिसऱ्या प्रहरी उन्हाला जरा ऊब आली तेव्हा एलिहिओ सातव्या स्टुलावर पोचला होता. बासिलिया उद्याची यादी करत होती. ती वही घेऊन त्याच्याकडे गेली.

"तुमच्या घराची पाळी पहाटे सुटते. बस पाच वीसला येते, सहाला तुम्हाला घेऊन परत."

"अजून चार स्टुलं राहिलीत."

"म्हणजे?"

"म्हणजे लिहा नाव. पण पाळी म्हणून नाही. माझ्या घराची पाळी झाली, ती झालेली दाखवा. उगाच पाणी समितीत घोळ नको."

तिने कानामागचं पेन काढलं आणि यादीच्या तळाशी, रेघ मारून, वेगळं लिहिलं. आधी एक शब्द चुकला. तो तिने एका सरळ रेघेने खोडला, खालचं वाचता यावं असा, शेजारी बरोबर लिहिला आणि वही त्याच्यासमोर धरली. त्याने दुरुस्तीपुढे १९ टाकलं.

"भिंत उंच करायची का ह्या खेपेला?" तिने विचारलं.

"बघू," तो म्हणाला. "घाई काय आहे."

मंगळवार, बारा डिसेंबर, ठिय्याचा बहात्तरावा दिवस. चुइसाकच्या यादीत एकवीस घरं. पहिलं नाव हेर्लिंडा त्सूल, बसबरोबर सहा टोपल्या शेका, हजेरी पाच वाजून बावीस मिनिटांनी.